शेठची गाडी

"गाडी कुणाची रे?" असं कुणी विचारलं की कुशाबा म्हणायचा, "शेठची." शेठ वारून वर्ष उलटलं होतं, गाडी कुशाबाने स्वतःच्या पैशाने घेतली होती, आरसी बुकावर त्याचं नाव चढलं होतं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत त्याच्याच अंगणात ती उभी होती. तरी तोंडातून शब्द यायचा तो हाच. जित्याची खोड म्हणतात ती ही.

गाडी काय साधी नव्हती. विलायती, जुन्या जमान्यातली, गर्द हिरवी, दोनच माणसं बसतील एवढी. वर पत्रा नाही, कापडी हूड. तो मागे दुमडला की गाडी उघडी. मुंबईत शेठकडे कुशाबाने उभा जन्म ड्रायव्हरकी केली, पण ती घरच्या मोठ्या गाडीवर. ही हिरवी शेठ स्वतः चालवायचे, रविवारी सकाळी. निघायच्या आधी ती पुसायची आणि परत आली की पुन्हा पुसून कापड घालून झाकायची, एवढंच कुशाबाचं काम. इंजिन गरम ठेवायला मधूनमधून किल्ली फिरवायची मुभा होती. फाटकाबाहेर त्याने ती कधी नेली नाही, आणि शेजारच्या सीटवर त्याला कुणी बसवलं नाही.

पण सुट्टीला वाडीत आला की बायकोपुढे गप्पा त्याच गाडीच्या. बायको राहीबाई. तिला बिचारीला गाडी लागायची. महाडला जायचं तर एसटीत पिशवी तोंडाशी धरून. मुंबईचं नाव काढलं तर रेल्वेच्या वीर स्टेशनापर्यंतच्या जीपमध्येच तिचा जीव नकोसा व्हायचा. कुशाबा सांगायचा, "अगो, बंद गाडी म्हणून लागते. उघड्या गाडीत तोंडावर वारा येतो, मग काय व्हायचं नाय." आणि एका शिमग्याला, जरा रंगात येऊन, बोलून गेला, "येक दिवस तुला तसल्या गाडीत बसवून कशेडी घाटाच्या माथ्यावर नेतो. वडा खाऊ नि परत येऊ."

पुरुषमाणूस बोलतो आणि विसरतो. राहीबाई विसरली नाही. नवरा मुंबईत, सासू खाटेवर, शेती अंगावर, अशी सगळी वर्षं तिने काढली आणि नवऱ्याकडे मागितलं काहीच नाही. मनात धरून ठेवला तो एवढा एक घाट.

शेठ गेले आणि त्यांची मुलगी अनुपमा परदेशी निघाली. जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्याकडे खेपा घालत होते. तिने कुशाबाला बोलावून घेतलं. "काका, गाडी तुमच्याकडे जावी असं बाबा म्हणायचे. तुम्हाला जमेल ते द्या." कुशाबाने घरावर स्लॅब टाकायला ठेवलेले पैसे तिच्या हातात ठेवले. तो कायमचा वाडीला परतला, तेव्हा मुलगा राहुल फोनवर कडाडला, "बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? पार्ट कुठनं आणणार तिचे? आणि दोन सीटची गाडी कुणाला पुरणार?"

"दोनच पुरे," कुशाबा म्हणाला.

राहीबाई शेजारीच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

वैशाखात गाडी टेम्पोवरून आली. सडकेवर उतरवली आणि वाडीतल्या गड्यांनी ढकलत अंगणात आणली. कुशाबाने स्टिअरिंग धरलं होतं, पण इंजिन सुरू केलं नाही. नवी वस्तू पहिल्यांदा चालायची ती देवीला विचारून, हा वाडीचा रिवाज. लग्न असो, विहीर असो, म्हैस असो, वाघजाईच्या कौलावाचून इथे काही हलत नाही. देवीच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गोमाजी गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "आई, कुशाबा तुझं लेकरू. गाडी आणलीय, बायकोला घेऊन घाट चढायचा म्हंतो. सुखरूप जाऊन येऊ दे. कौल दे."

डावी पाकळी पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावीच.

"आईच्या मनात नाय आत्ता," गोमाजी म्हणाला. "दसऱ्याला इचार."

राहीबाईचं तोंड एवढंसं झालं. ती पदर सावरून "आईची विच्छा" म्हणाली आणि घराकडे चालू लागली. आणि कुशाबा? आता खोटं कशाला बोला, कुशाबाला हायसं वाटलं. बोगदा झाल्यापासून घाटाचा जुना रस्ता मोकळाच असतो, तरी खड्डे होते, दरडीची खडी होती, एखादा चुकार ट्रक होता. शेठच्या गाडीला ओरखडा आला असता तर? आता देवीनेच नाही म्हटलं होतं. बायकोला तोंड द्यायची पाळी टळली.

तो रोज सकाळी गाडी पुसायचा, इंजिन थोडा वेळ सुरू करायचा, बंद करायचा आणि गाडी झाकायचा. राहीबाई ओट्यावर बसून बघायची. एकदा म्हणाली, "अवो, नुस्ती बसू का आत?"

"पायाला माती हाय तुझ्या," तो म्हणाला.

ती पाय धुऊन आली, तोवर त्याने कापड ओढलं होतं.

मग पावसाळा तोंडावर आला. पोलादपूरचा पाऊस म्हणजे काय ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. इथे माणूस आधी जळण झाकतो, मग पेंढा, मग घर, मग स्वतःला. कुशाबाने गाडी तशीच बांधली. खाली पेंढा अंथरला, सीटवर पेंढा, बाजूंनी पेंढ्याच्या पेंढ्या, त्यावर गोणपाट, त्यावर निळी ताडपत्री, दोर आवळून कडेने दगड. अंगणात पेंढ्याची उडवी रचतात, तशी उडवीच झाली ती. दोराचं दुसरं टोक राहीबाईने धरलं होतं, कारण उडवी एकट्याने बांधता येत नाही. सावित्री नदी दुथडी भरली, महाडच्या बाजारात पाणी शिरल्याच्या बातम्या आल्या, पण ताडपत्रीचा एक कोपरा हलला नाही. कुशाबा रोज दोर चाचपायचा आणि समाधानाने घरात यायचा. आत एकदाही डोकावला नाही, कारण उघडली तर ओल आत जाईल.

दसऱ्याला गोमाजीने कौल लावला. गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली.

राहीबाई देवळातून जवळजवळ धावतच आली. तिने ट्रंकेतलं मोतिया रंगाचं लुगडं काढलं, केसात झेंडू खोवला, पाय धुतले आणि ओट्यावर तयार होऊन बसली. पिशवी घेतली नव्हती. "उघड्या गाडीत लागत नाय म्हंतात," असं तिने शेजारणीला मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं.

कुशाबाने दोर सोडले. ताडपत्री ओढली आणि कुबट वासाने शेजारची माणसं मागे सरली. पेंढा काळा पडून चिकटला होता. उंदरांनी हुडाचं कापड कुरतडून त्याचीच घरटी केली होती. पेंढ्यात राहिलेले दाणे सीटच्या चामड्यावर रुजून, उजेडाविना पिवळी पडलेली भाताची रोपं उभी होती, चांगली वीतभर. कुशाबाने आत पाय टाकला तर गंजलेला पत्रा मोडून पाय जमिनीला लागला. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

महाडहून बुद्धरत्न मिस्त्री सण असूनही आला. बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून होता. मग हात पुसत म्हणाला, "काका, इंजिन जाम झालंय. वायरिंग उंदरांनी संपवलंय, खालचा सांगाडा गेलाय. हिचं सामान मुंबईतपण मिळायचं नाय. ओल बाहेरून नाय आली काका, ती आतच होती, तुम्ही ती कोंडलीत." पैसे घेतले नाहीत त्याने. आपट्याचं पान कुशाबाच्या हातात ठेवून निघून गेला.

माणसं पांगली. राहीबाई ओट्यावरून उठली आणि नीट, पदर आवरून, गाडीत जाऊन बसली. लुगड्याला ओल लागली, काळं लागलं. कुशाबा स्टिअरिंगमागे होताच. दोघांची खांद्याला खांदा लावून बसायची ही पहिलीच खेप असावी. समोर गोठ्याची भिंत होती.

तिने सीटवरचं एक रोप उपटलं आणि बोटात फिरवत राहिली. "येक इचारू?"

"इचार."

"वैशाखात कौल उजवा पडला असता, तर तुमी नेली असती मला?"

कुशाबाने तोंड उघडलं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं, एका अक्षराचं काम. पण तो माणूस खोटं बोलणारा नव्हता, हीच त्याची मोठी अडचण.

"धूळ बसली असती गो तिच्यावर," तो म्हणाला.

केसातला झेंडू काढून राहीबाईने डॅशबोर्डवर ठेवला आणि उतरली. आत जाऊन लुगडं बदललं, चूल पेटवली. सणाचा स्वयंपाक तसाच राहिला होता.

दुपार कलल्यावर डोंगरामागून ढग आले, परतीच्या पावसाचे. कुशाबा उठला. ताडपत्री झटकली, चारही कोपरे नीट जुळवून गाडीवर घातली आणि दोर काढला. मग बराच वेळ तो दोराचं एक टोक हातात धरून तसाच उभा राहिला. राहीबाईने चुलीपुढून त्याला पाहिलं. हात पुसत ती बाहेर आली, वाकून दुसरं टोक उचललं आणि म्हणाली, "ओढा."