आसरांचा दहीभात

पऱ्यांच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये. मी अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर रंगांचे नमुने तपासते आणि उरलेल्या वेळात पऱ्यांची कादंबरी लिहिते. कंपनीत हे कळलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. हसू देत. माझ्या पऱ्या गुलाबी फ्रॉक घालून फिरत नाहीत. बदलापूरच्या पुढे आमच्या गावी जी विहीर आहे, तिच्यात त्या राहतात. आम्ही त्यांना साती आसरा म्हणतो. सात बहिणी, पाण्याच्या मालकिणी. खूश झाल्या तर भरभरून देतात, बिनसलं तर माणसाला खाली ओढतात. एवढं सगळं घरच्या विहिरीत असताना मी बाहेरून पऱ्या कशाला मागवू?

माझ्या कादंबरीतली मुलगी अंबरनाथला राहते, क्लास बुडवून गावी जाते, विहिरीत उतरते आणि थेट त्या बहिणींच्या घरी पोचते. काही प्रकरणं एका संपादकबाईंना पाठवली होती. त्यांचा फोन आला. "लिहिलंय छान, पण पऱ्या फार गावाकडच्या वाटतात. शेंदूर जरा कमी करा. त्यांना पंख देता येतील का?"

"पंख उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात मिळतात," मी म्हटलं. "शाळेच्या गॅदरिंगसाठी, इलॅस्टिकसकट. भाचीला मीच घेतले होते, दुसऱ्या दिवशी तुटले." बाई हसल्या, पण पुस्तक काढू असं काही म्हणाल्या नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. माझी खरी परीक्षा त्यांच्याकडे नव्हतीच.

ती होती भाचीकडे. माझ्या भावाची मुलगी नववीत आहे आणि पऱ्यांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचते. मराठीतल्या पऱ्या म्हणजे बालवाडी, असं तिचं ठाम मत. खरं सांगायचं तर ही कादंबरी मी तिच्यासाठीच लिहीत होते. तिनं वाचली तर जगात कुणीही वाचेल. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगून टाकलं, "अर्ध्यात सोडलीस तर माळ्यावर टाकीन ही कादंबरी. पुन्हा हात लावणार नाही."

तिनं अर्ध्यात सोडली.

भावाच्या अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून तिनं माझी पानं माझ्या हातात दिली. "आत्या, तुझी हिरॉईन तिकडे दहीभात खाते."

"मग? भूक लागली होती तिला."

"अरे यार, पऱ्यांकडचं खाल्लं की परत येताच येत नाही. सबको पता है! आणि ही खाते, आणि लगेच रिक्षा पकडून घरी येते. लॉजिकच नाही. मग काय वाचू?"

"आपल्याकडे तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मला लागलं ते. राग आला तिचा, आणि ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला. माझ्या पऱ्यांकडे शेंदूर होता, बांगड्या होत्या, रुबाब होता, पण नियम नव्हता. शब्द दिला होता, म्हणून घरी येऊन स्टूल लावलं आणि सगळं बाड माळ्यावर टाकलं. ऑफिसात कुणी पऱ्यांबद्दल विचारलं तर विषय बदलू लागले.

मग वैशाखात नेहमीसारखे आम्ही गावी गेलो. पावसाआधी एका रविवारी आमच्या घरातले सगळे विहिरीवर जातात. काठावर सात दगड आहेत, त्यांना शेंदूर लावायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या, केळीच्या पानावर दहीभात ठेवायचा. त्यांना दाखवून झाला की तो भात तिथंच बसून सगळ्यांनी खायचा. घरी शीतसुद्धा न्यायचं नाही. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे उतारावरून तिला दोन्ही बाजूंनी धरून आणावं लागलं. भात मात्र तिनंच कालवला होता. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही.

सगळे जेवत होते. भाची पानाचा तुकडा हातात धरून नुसती बसली होती.

आईनं ते पाहिलं. आसरांचा भात टाकणं म्हणजे आमच्यात मोठा अपमान. "काय गो, खात का नाय?"

"आजी, पऱ्यांकडचं खाल्लं की त्यांच्याकडेच राहावं लागतं."

भाऊ तिच्यावर ओरडणार होता, पण आईनं हातानं त्याला गप्प केलं. तिला यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. "कुनी सांगला?"

"पुस्तकात असतं."

"त्या पुस्तकातल्यांचा मला ठाव नाय. आपल्या बाया तशा नाय. यांचा खाल्ला तरी त्या धरून ठेवत नाय, खुशाल जाव देतात. पन मंग दर वर्साला परत यावा लागतं, त्यांना भरवाला. मी लगीन होऊन आले तवा हितंच पयला घास खाल्ला. तवापासून येते."

"आणि नाही आलं तर?"

"मला काय ठाव? मी कवा चुकलेच नाय."

जन्मभर हा भात मी खात आले होते आणि माझ्या कादंबरीचा नियम इथं विहिरीच्या काठावर बसून दही कालवत होता. विचारायचं मात्र भाचीला सुचलं. मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे तिचा मुका घेतला असता.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "लॉजिक बसतंय हां. काढ माळ्यावरून." पण भाताला तिनं अजून हात लावला नव्हता. ती आईच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "आजीला नाही जमलं तर कोण येणार?"

भाऊ गाडीची चावी चाचपत राहिला. मीही पानाकडे पाहत बसले.

भाचीनं भाताचा घास घेतला. मग दुसरा. पान पुसून खाल्लं, बोटं चाटली.

"आता मला यायला लागणार ना?"

"लागनारच," आई म्हणाली, आणि उठायला तिच्यापुढे हात केला.