फ्रीजच्या अलीकडचा पास्ता

आमच्या घरात माझी हद्द फ्रीजपाशी संपते. फ्रीजच्या अलीकडे मी घरातला कर्ता पुरुष, पलीकडे गेलो की घुसखोर. ही हद्द कशी ठरली आणि आज ती जिथे आहे तिथे कशी आली, एवढंच सांगायचं आहे.

लातूरच्या एका सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क होतो. जन्मभर फायलींना नंबर टाकले आणि निवृत्त झाल्यावर चौथ्याच दिवशी लक्षात आलं, की घरात फायली नाहीत. डबे मात्र पुष्कळ होते. शोभा, म्हणजे माझी बायको, दुपारी जरा लवंडली तेव्हा मी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ते अक्षरक्रमाने लावून टाकले. संध्याकाळी तिला फोडणीला जिरं सापडेना. (ते नियमाप्रमाणे जवसाच्या शेजारी होतं.) तेल जळून धूर झाला, तरी ती शांत होती.

"इतकी वर्षं मी कधी तुमच्या हापिसात आले का, फायली लावायला?"

"नाही."

"मग?"

मी जिऱ्याचा डबा काढून तिच्या हातात दिला.

अशात पुण्याहून आमच्या मुलीने, पल्लवीने, एक खोकं पाठवलं. आत चकचकीत, हाताने फिरवायचं पास्त्याचं मशीन! फोनवर म्हणाली, "बाबा, आता काहीतरी छंद लावून घ्या. पीठ मळायचं, रोलरमधून लाटायचं, मग पट्ट्या कापायच्या. ताजा पास्ता! लगेच उकडायचा, लगेच खायचा."

"म्हणजे आपल्या शेवयाच्या मशीनसारखंच की!"

"तसंच नाही हं बाबा, ते जरा..."

मी फोन ठेवला होता. शेवयाचं मशीन मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत एकेकाळी एकच मशीन होतं आणि ते माझ्या आईचं होतं.

त्या रविवारी पल्लवीचे सासू-सासरे उदगीरहून यायचे होते. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पत्रिका घेऊन येत होते. मी जाहीर केलं, "रविवारी जेवायला पास्ता. माझ्या हातचा."

"लेकीच्या सासरची माणसं आहेत ती," शोभा म्हणाली. "प्रयोगाला दुसरं कुणी मिळंना का तुम्हाला?"

"एक संधी दे."

तिने लसूण सोलता सोलता विचार केला. मग अटी सांगितल्या. "सगळं एकट्यानं करायचं. इवाई पोटभर जेवले तर अर्धं स्वयंपाकघर तुमचं. चिठ्ठ्या पण राहू देते. नाही जेवले, तर सोमवारपासून फ्रीजच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही. चहाला सुद्धा!" (व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात.)

"आणि पाणी प्यायला?"

"फ्रीजचं दार बैठकीतनं उघडतंय."

बाईने सगळा विचार करून ठेवला होता! मी अटी मान्य केल्या. कागदावर घेऊन दोन प्रती काढू का, असंही विचारलं. तिने लसणाची परडी उचलली आणि आत गेली.

रविवारी सकाळी मी पीठ घेतलं. मोबाइलमधली बाई पिठाचा डोंगर करून त्यात अंडी फोडत होती. आमच्या घरात अंडं येत नाही आणि उदगीरचे आमचे इवाई शिवलिंगअप्पा तर इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारा माणूस. मी अंड्यांपुढे मनातल्या मनात 'लागू नाही' असा शेरा मारला, शेवयाला लागतो तोच बन्सी गव्हाचा रवा घेतला, त्यात थोडा मैदा घातला आणि अंदाजाने पाणी ओतलं. अंदाज कमी पडला. पीठ इतकं घट्ट झालं की गोळा उचलला तर परातही बरोबर आली.

मग मशीन कुठे बसवायचं हा प्रश्न आला. त्याला टेबलाच्या कडेला आवळायचा एक स्क्रू असतो. ओट्याची कड गोल, स्क्रू घसरायचा. जेवणाचं टेबल काचेचं. पण मी आईचा मुलगा होतो. अंगणात लिंबाखाली तिचं जुनं लाकडी बाकडं होतं, त्याच्या टोकाला मी मशीन घट्ट आवळलं. जोर लावून हँडल फिरवलं, तर बाकड्याचं दुसरं टोक सरळ वर! तेव्हा आठवलं. आई शेवया काढायची तेव्हा बाकड्याच्या दुसऱ्या टोकावर कुणीतरी वजनदार बाई बसवलेली असायची. मी शोभाला हाक मारली.

"एकट्यानं ठरलंय," आतून उत्तर आलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. बारा वाजता येणारी मंडळी दहालाच हजर! शिवलिंगअप्पांचं उदगीरला कापडाचं दुकान आहे आणि जन्म गादीवर बसून गेल्यामुळे देह भरभक्कम आहे. ते आले, पायातल्या चपला काढल्या आणि "हुश्श" करून बाकड्याच्या बरोबर दुसऱ्या टोकावर बसले. मशीन जागच्या जागी बसलं. इतका आनंद मला त्यांनी स्थळाला होकार कळवला तेव्हाही झाला नव्हता.

"इवाई, हे काय करायलाव?" त्यांनी विचारलं.

"पास्ता! तुमच्यासाठी. तुम्ही फक्त बसा."

"पाय धुवून येतो की जरा."

"बसा हो! पाणी इथं आणतो." मी पाण्याची बादली इथं आणली. चहा इथं आणला. (चहा शोभाने फ्रीजपर्यंत आणून दिला होता.) ते उठायला लागले की मी त्यांचे खांदे धरून बसवायचो. "एवढा आग्रह कुठं न्हाई बघितला," अप्पा गहिवरून म्हणाले. विहीणबाई, म्हणजे सरस्वतीबाई, आत शोभाकडे गेल्या.

माझं पीठ रोलरमधून निघालं, पट्ट्या पडल्या आणि मी त्या व्हिडिओतल्यासारख्या खुर्चीच्या पाठीवर वाळत, चुकलो, लोंबत टाकल्या. साडेदहाला माझा पास्ता तयार होता! आता फक्त उकडायचा राहिला होता. इथे मी थांबलो असतो तर आज ही हकीकत वेगळी असती.

पण मशीनचा करकर आवाज गल्लीभर गेला होता. हल्ली सगळ्या बाया शेवया गिरणीवरून करून आणतात, त्यामुळे हा आवाज गल्लीने कैक वर्षांत ऐकला नव्हता. पहिल्यांदा रझिया खाला आल्या. त्या पलीकडच्या घरातल्या, वय सत्तरीचं, आणि हातात परात, परातीत मळलेलं पीठ.

"भाऊ, तुमच्या अम्मीचं बाकडं परत मांडलं व्हय! लई बरं केलं. आमचं बी काढून द्या."

आता आईचा एक नियम होता. मशीन अंगणात मांडलं की ते गल्लीचं. पीठ घेऊन दारात आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही. खालांचा पाट तर आईच्या मशीनशेजारी कायम मांडलेला असायचा. मी म्हणालो, "खाला, हे शेवयाचं नाही, पास्त्याचं आहे."

"असू द्या. पीठ तर गव्हाचंच हाय ना?"

"इवाई, करून द्या की," अप्पा बाकड्यावरून म्हणाले. "मला काय घाई न्हाई. मी बसलोय!"

खालांच्या मागे आणखी चौघी आल्या. प्रत्येकीच्या हातात परात. मी फिरवतोय, घाम गळतोय, आणि मशीनमधून चपट्या पट्ट्या पडतायत.

"ह्या चपट्या का व्हायल्यात?"

"इटलीच्या आहेत."

"बारीक काढायला येत न्हाई का तिकडल्या लोकांला?"

अर्ध्या तासाने अंगणात पट्ट्यांचा नुसता खच पडला. विहीणबाई बाहेर आल्या. पाहुण्या असल्या तरी रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी पदर खोचला, खालांनी जुनी साडी आणली, आणि दोघी मिळून सगळ्या पट्ट्या गच्चीवर नेऊ लागल्या. माझ्या हे लक्षात आलं होतं. खुर्चीची पाठ रिकामी झालेली मात्र लक्षात आली नव्हती.

एक वाजत आला तेव्हा शेवटच्या परातीतलं शेवटचं पीठ उरलं होतं, तेही माझ्या पिठासारखंच घट्ट. मी दोन्ही पाय रोवून हँडलवर ओणवा झालो आणि सगळा भार टाकला. त्याच क्षणी गच्चीवरून विहीणबाईंचा आवाज आला, "अहो, जरा वर या की! खाटेवर सावली आलीय, उन्हात सरकवायचीय."

शिवलिंगअप्पा लग्नाला पस्तीस वर्षं झालेला माणूस. बायकोची पहिली हाक वाया जाऊ द्यायची नाही, ही त्यांची शिस्त. ते ताडकन उठले.

मशीन खाली गेलं. बाकडं उभं राहिलं. मी खालांच्या परातीत, तोंडावर!

"या अल्ला! भाऊ, लागलं का?"

लागलं नव्हतं. डोळ्यांतला मैदा पुसत मी विचारलं, "गच्चीवर खाट कशाला?"

"वाळवायला," खाला म्हणाल्या. "तुमच्या बी नेल्या. खुर्चीवर टाकत्यात व्हय कुणी? कावळे न्हेतील."

मी तसाच पिठाच्या तोंडाने जिने चढलो. गच्चीवर मे महिन्यातलं लातूरचं ऊन होतं. खाटेवर साडी, साडीवर सहा घरांच्या पट्ट्या एकत्र पसरलेल्या आणि सगळ्या कडकडीत. माझा ताजा पास्ता त्यांत कुठेतरी होता. मी एक उचलली, ती कट्कन मोडली. दुसरी उचलली, तीही मोडली. "छान वाळल्या की न्हाई?" विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं. मला रडू यायचं बाकी होतं, पण लेकीच्या सासूसमोर रडता येत नाही. मी "छान" म्हणालो.

दोन वाजले. खाला म्हणाल्या, "त्यातल्या कुठल्या बी घ्या, आपलंच हाय." मी ओंजळी भरून खाली नेलं आणि उकळत्या पाण्यात टाकलं. कुणाच्या पिठात मैदा जास्त, कुणाच्यात रवा, एकीच्यात नाचणीसुद्धा होती. काही पट्ट्या विरघळल्या, काही कच्च्या राहिल्या, आणि दोन्हींचा मिळून एकच गोळा झाला. त्यावर मी टोमॅटोचा रस ओतला आणि ताट अप्पांपुढे ठेवलं. शोभा फ्रीजला टेकून उभी होती.

अप्पांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. गिळला. मग अगदी अदबीने विचारलं, "इवाई, ह्येच्यासंगं भाकरी हाय का?"

मी मान खाली घातली. मनात आलं, संपलं. स्वयंपाकघर गेलं ते गेलंच, पल्लवीच्या सासरी आता पुढची वीस वर्षं हीच गोष्ट सांगितली जाणार.

शोभा आत गेली आणि दोन पातेली घेऊन आली. पिठलं, ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. सकाळी सहालाच करून झाकून ठेवलेलं. आणि वर अप्पांना म्हणाली, "यांनीच सांगितलं होतं, जोडीला आपलं साधं पण ठेव म्हणून."

मी असलं काही सांगितलं नव्हतं. माझी लाज राखायला ती पाहुण्यांसमोर धडधडीत खोटं बोलली. त्या क्षणी मला तिच्याबद्दल फार, फार वाटलं. मी माझ्या ताटातला पास्ता बाजूला सारला आणि पिठलं वाढून घेतलं.

जेवणं होईपर्यंत विहीणबाईंनी वाळलेल्या पट्ट्या चुरून तुपावर भाजल्या, दूध-गूळ घालून खीर केली. अप्पांनी तीन वाट्या संपवल्या आणि ढेकर दिली. शेजारी खालांनीही वाटीभर घेतली. मंडळी पत्रिका देऊन, खूश होऊन उदगीरला गेली.

फाटक लागल्याबरोबर मी हेडक्लार्क झालो. "अट काय होती? इवाई पोटभर जेवले पाहिजेत. जेवले की नाही?"

"जेवले," शोभा म्हणाली. "पिठलं-भाकरी माझी. खीर विहीणबाईंची. पीठ गल्लीचं. तुमचं काय होतं त्यात?"

"मशीन!"

"ते पल्लवीचं."

मी अपील केलं नाही.

सोमवारी सकाळी मी बैठकीत पेपर वाचत होतो. शोभाने हाक मारली, "अहो, जरा फ्रीजला हात लावता का? मागचं झाडायचंय."

मी उडीच मारली. राग गेलेला दिसतो! मी फ्रीज बैठकीकडे ओढला.

"अजून थोडा," ती म्हणाली. मी ओढला. "अजून. हां, अजून जरासा." मी दम लागेपर्यंत ओढला. तिने मागचं झाडून घेतलं, पुसून घेतलं.

"आता परत आत ढकलू?" मी विचारलं.

"नको," शोभा म्हणाली. "इथंच बरा दिसतोय."

मी घाम पुसत बघितलं. फ्रीज बैठकीच्या मधोमध आला होता. माझी खुर्ची, माझा पेपर आणि टीव्ही, तिन्ही पलीकडे होते. अलीकडे मी होतो आणि दाराबाहेरच्या चपला होत्या.

एक मात्र सांगतो. त्या आठवड्यात मी एकट्याने, कुणाची मदत न घेता, शेवटास नेलेलं काम तेवढं एकच!