शांतवन मिस्त्रींची वीत

ओमानमधल्या माबेल्यात आमच्या घरमालकाने फरशी बदलायला धाडलेल्या शांतवन मिस्त्रींनी टेप खिशातच ठेवला आणि वितीने खोली मोजली. मी पडलो ड्राफ्ट्समन, मला कुठलं राहवतंय! मागून टेप लावून पाहिला. अर्ध्या इंचाचाही फरक निघाला नाही.

"टेप हरवतो साहेब, हात कुठं जातोय?" मिस्त्री म्हणाले.

मिस्त्री नगरकडचे ख्रिस्ती. त्यांच्या पॅरिशमधल्या तीन खेड्यांत अँग्लिकन मिशनची तीन दगडी चर्चं होती. मिस्त्री त्यांना देऊळच म्हणत. गोऱ्या पाद्रीसाहेबाने टोकदार कमानी कागदावर काढल्या, गावच्या पाथरवटांनी त्या काळ्या दगडात उभ्या केल्या. वर साहेबाला न विचारता दाराशेजारी दिव्यासाठी देवळीही ठेवली. "दिव्याला जागा नाही ते कसलं देऊळ?" हे सांगताना मिस्त्रींना दर वेळी हसू फुटे.

एका पावसाळ्यात त्यांच्या गावचं देऊळ कोसळलं. जोतं आणि उंबरा तेवढा उरला. लग्नांच्या जुन्या फोटोंत वऱ्हाडी सगळे दिसत, देऊळ त्यांच्यामागे अर्धंमुर्धं. नकाशा मिळाला नाही तर स्लॅबचा हॉल बांधू, असं चर्चच्या कमिटीने कळवलं. तेव्हा शुक्रवारी सकाळी मिस्त्री माझ्याकडे येऊन बसले. लहानपणी नाताळाआधी बापाच्या खांद्यावर बसून चुना लावताना त्यांनी सगळं देऊळ वितीने मोजलं होतं. ते सांगत गेले, मी काढत गेलो. कमान चौदा वीत, उंबरा आठ. नऊ इंचांची वीत धरली तर उंबरा सहा फूट झाला. त्यांच्या भावाने गावाहून टेप लावून कळवलं, चार फूट.

मिस्त्री स्वतःच्या पंजाकडे बघत राहिले. "तवा हात केवढासा व्हता माझा!"

म्हणजे वीत सहा इंचांची. साडेदहा फुटांची कमान सातावर आली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मिस्त्री, कमान तरी उंच राहू दे. कोण मोजायला येतंय?"

मिस्त्रींनी कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "नको साहेब. व्हतं तेवढंच काढा. मोठं केलं तर ते दुसऱ्याचं व्हईल."

पुढे ओमानमधलं काम खलास करून ते गावी गेले. सुट्टीत मी मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या नकाशावरून पुन्हा उभं राहिलेलं देऊळ पाहायला गेलो. देवळीत दिवा होता. ज्या कमानीला चुना लावायला बाप खांद्यावर घ्यायचा, तिच्या टोकाला मिस्त्रींनी उभ्यानेच हात लावला.

"म्हंजे बाप बी माझ्याएवढाच असंल, न्हाई का?"

त्यांचा हात कमानीवरून लवकर निघेना.