त्यांनी बदलून दिलेला शेवट

पीएचडीसाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले तेव्हा मला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. बाई एकट्याच राहायच्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, ताठ चालणं, दोन्ही कानांत यंत्रं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कुठला कचरा कुठल्या डब्यात जातो ते शिकवलं, आणि खालच्या खोलीतल्या पियानोवर कप ठेवायचा नाही, हेही. पियानो आहे म्हणजे शिकवत असतील, एवढंच मी धरून चालले होते. काही महिन्यांनी मी त्यांना ‘आजी’ म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “हो, चालेल. माझी नातवंडं तर मला नावानंच हाक मारतात.”

एका शनिवारी जवळच्या चर्चमधला गायकवृंद, म्हणजे कॉयर, चालवणारी एक तरुण बाई घरी आली. कॉयरच्या जुन्या कपाटात तिला आजींची एक रचना सापडली होती, अर्ध्या तासाची, वाद्यांशिवाय नुसत्या आवाजांसाठी लिहिलेली. ती शरदात गायची परवानगी हवी होती. आजींनी होकार दिला. ती गेल्यावर आजी कॉफीचे कप उचलायला लागल्या.

“तुम्ही संगीत लिहायचात?” मी विचारलं.

“लिहायचे काय? लिहिते,” त्या म्हणाल्या. मग हसल्या. “म्हणजे, लिहीत होते.”

त्या दुपारी मला सगळं कळलं. युद्धानंतरच्या पडझडीत लहानपण गेलं. गावातल्या चर्चचा ऑर्गन वाजवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून शाळकरी वयात त्याच वाजवायला लागल्या. पुढे संगीत महाविद्यालयात रचनेच्या वर्गात एकटी मुलगी. प्राध्यापक म्हणाले, हात चांगला आहे, पियानोशिक्षिका व्हा. त्यांनी रचनेचा वर्ग सोडला नाही. गाणी लिहिली, रेडिओवरच्या नाटकांना संगीत दिलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे या गावात आल्या, दोन मुलं झाली. मुलं शाळेत गेली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायचं. तिथेच ही मोठी रचना झाली. ती एकदाच गायली गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात संगीतापेक्षा त्यांच्या निळ्या झग्याबद्दल जास्त छापून आलं.

“मग?”

“मग कोणी काही मागितलं नाही. मी संगीतशाळेत शिकवलं, मुलांसाठी गाणी केली. ती गाणी अजून शाळांमधून म्हणतात. कुणाची आहेत, कोणाला माहीत नाही.” त्यात तक्रार नव्हती. पण पुढचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. “आणि तो शेवट माझा नाही.”

मूळ रचनेत शेवटी सगळे आवाज एकेक करून थांबत, आणि स्त्रियांच्या खालच्या पट्टीतला एकच आवाज उरे. कॉयरचा त्या वेळचा संचालक म्हणाला, लोकांना कळणारच नाही टाळ्या कधी वाजवायच्या, शेवट दणदणीत करा. आजींनी बदलून दिला. जुनं पान फेकून दिलं.

“आठवतो का तो?”

“आठवतो. पण सांगू कसा? वरचे सूर मला वेडेवाकडे ऐकू येतात. पियानोवर वाजवून पाहिला तरी तोच आहे अशी खात्री वाटत नाही.”

लहानपणी ठाण्याला आमच्या गाण्याच्या बाई ओळ म्हणायच्या आणि आम्ही मुली मागून म्हणायचो. कागद नसायचाच. मी आजींची खुर्ची जवळ ओढली. “तुम्ही म्हणा. मी मागून म्हणते. चुकलं तर थांबवा.”

त्यांचा आवाज चिरका झाला होता, सूर मात्र पक्का होता. मी त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेऊन सारेगममध्ये म्हणायचे. त्या मान हलवायच्या: नाही, जरा खाली. परत. बाहेर अंधारून आलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. “गेनाऊ,” म्हणाल्या. “हेच.”

आठवडाभराने तरुण संचालिकेने माझ्या तोंडून ती ओळ ऐकून उतरवून घेतली, आणि आजींनी बाकीचे आवाज कुठे थांबायचे ते तिला खुणा करून दिले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आजींच्या शेजारी बसले होते. चर्च बऱ्यापैकी भरलं होतं. आजी डोळे मिटून होत्या, दोन्ही तळवे समोरच्या लाकडी बाकावर टेकवलेले. शेवटी एक जाडशी, चष्मा घातलेली बाई एकटी गात राहिली, आणि तीही थांबली. कोणी हललं नाही.

“टाळ्या वाजतायत?” आजींनी विचारलं. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटलं, पण आवाज सगळीकडे पोचला.

“नाही अजून.”

“छान,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ वाजत राहिल्या.

त्यानंतर हॅनोव्हरच्या एका कॉयरने त्यांना नवीन काहीतरी लिहून मागितलं. आजींना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कॉयरच्या लोकांशी मीच बोलते. सकाळी मी सायकल काढते तेव्हा त्या स्वयंपाकघरात टेबलाशी लिहीत बसलेल्या असतात. मी काचेवर टकटक करत नाही. नुसता हात हलवते, आणि लिहिण्याच्या नादात त्यांनी बघितलं नाही तर मला बरंच वाटतं.