कार्मेनचे शुक्रवार

नवऱ्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बायका कार्मेन तुस्कानोला आवडत नसत. बोलायचं कशाला, समोरच्याला डोळे असतात, असं तिचं म्हणणं. म्हणून मस्कतमध्ये इतकी वर्षं काढली, पण रेमंडविषयी तिने कुणाकडे चकार शब्द काढला नाही. मनात मात्र ती त्याला रोज कांद्यासारखी सोलत होती.

वसईजवळच्या नंदाखालहून रेमंडचं स्थळ आलं, तेव्हा 'मुलगा गल्फमध्ये' एवढ्यावरच तिची आई पाघळली होती. मुलगा गल्फमध्ये होता, यात खोटं काही नव्हतं. तो जन्मभर मुलगाच राहणार आहे, हे तेवढं कुणी सांगितलं नाही. एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत तो स्टोअर सांभाळी आणि फोनवर वसईला सांगे, "अख्खं ऑपरेशन माझ्यावर आहे." कार्मेन एका मोठ्या हॉटेलात लिनन सुपरवायझर होती. लोकांनी वापरलेल्या चादरी मोजून मोजून तिला माणसांची पारख आली होती. टाय लावून फिरणारा माणूस टॉवेलने बूट पुसतो की नाही, हे ती लिफ्टमध्ये बघूनच सांगे. रेमंड पुसणाऱ्यांपैकी होता.

मुलगी जोआन शिकायला बंगलोरला गेली आणि रेमंडने मासेमारी धरली. बौशरच्या फ्लॅटमधली जोआनची खोली रॉड, रीळ आणि लूरच्या डब्यांनी भरून गेली. लूर म्हणजे लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा नकली मासा. रंगवलेले डोळे, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन तोंडांचे गळ. रेमंड ते मागवायचा जपानहून. मऊ फडक्याने पुसायचा, उजेडात धरून बघायचा. बायकोकडे त्याने इतकं निरखून शेवटचं कधी पाहिलं होतं, ते कार्मेनला आठवत नव्हतं, आणि आता पाहावं अशी इच्छाही नव्हती.

चर्चमधली शुक्रवारची मिस झाली, जेवून तास-दोन तास लोळून झालं, की तो तिला घेऊन शहराबाहेरच्या एका जुन्या धक्क्यावर जायचा. ती घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बसायची. मस्कतच्याच दार्सैत भागातून यूनुस यायचा. यूनुस रत्नागिरीकडचा. रुवीतल्या दुकानात पडदे बेतून शिवायचा. तो तारली माशाचे तुकडे गळाला लावून गुपचूप गरवत बसे. हाताला, शर्टाला, दाढीला तारलीचा वास. संध्याकाळपर्यंत त्याच्या बादलीत चार मासे जमत आणि रेमंडच्या हाताला फेकून फेकून गोळे येत.

"चाऱ्यावर मासा कुणीही पकडेल," रेमंड म्हणे. "भुकेल्याला भाकरी दाखवायची, त्यात काय? लूरला डोकं लागतं. मासा फसला पाहिजे."

"बरोबर हाय, रेमंडभाई," यूनुस मान डोलावी.

मग निघताना रेमंड यूनुसच्या बादलीतला सगळ्यात मोठा मासा उचले, रॉड खांद्याला लावून उभा राही आणि कार्मेन फोटो काढी. तो फोटो वसईच्या ग्रुपवर जाई. खाली नंदाखालचे चुलते 'ग्रेट कॅच' असं लिहीत. फोटो झाल्यावर मासा बादलीत परत. कार्मेनला दोघांचाही सारखाच तिटकारा. उसन्या माशाबरोबर हसणाऱ्याचा आणि मासा उसना देऊन वर हसणाऱ्याचा. यूनुसला तर तिने मनातल्या मनात 'होयबा' असं नाव ठेवलं होतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ऊन उतरत असताना रेमंडचा रॉड खरोखरच वाकला. रीळ किंचाळायला लागलं. रेमंडसुद्धा.

"लागली! कार्मेन, लागली! सुरमई आहे!"

सुरमईच होती. एकदा पाण्याच्या वर आली तेव्हा सगळ्यांनी पाहिली, माणसाच्या मांडीएवढी. रेमंड मागे-पुढे नाचत होता, त्याची टोपी पडली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. बऱ्याच वेळाने मासा दमून धक्क्याच्या पायथ्याशी आला. आता पंचाईत ही की धक्का उंच. खाली शेवाळलेले दगड, आणि एवढं वजन दोरीने वर ओढलं तर दोरी तुटणार. जाळीचा दांडा आणायचा राहिला होता. जपानहून सगळं आलं होतं, जाळी सोडून.

"यूनुस, उतर खाली!" रेमंड ओरडला. "कल्ल्यात हात घाल आणि उचल. यल्ला!"

आणि होयबा उतरला. स्वतःचा रॉड टाकून, पायजमा खोचून, दगडांवर बसत-सरकत. कार्मेन चहा ओतत होती, ती तशीच उठून कडेला आली. यूनुसने वाकून मासा धरला, छातीशी घेतला, आणि सुरमईने एकच हिसडा दिला. लूरचा पुढचा गळ माशाच्या जबड्यात होता. शेपटीचा मोकळा गळ यूनुसच्या तळहातात शिरला.

यूनुस ओरडला नाही. फक्त "या अल्ला" म्हणाला, खाली बसला. मासा तडफडायचा आणि त्याचा हात माशाबरोबर उडायचा.

रेमंडला वरून वाटलं, मासा सुटतोय. त्याने रीळ गच्च आवळलं.

"दोरी सोड!" कार्मेन ओरडली. "त्याच्या हातात गेलाय गळ! सैल सोड!"

"सैल सोडली तर निसटेल गं!"

"रेमंड!"

"एक मिनिट! यूनुस, दाबून धर त्याला!"

कार्मेनने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे दोरीच्या टोकावर होते आणि त्या टोकाला त्याला फक्त मासा दिसत होता. तिने यूनुसच्या चाऱ्याच्या पाटावरची सुरी उचलली, कडेला ताणलेली दोरी एका फटक्यात कापली, आणि थर्मास तसाच हातात घेऊन, मिसला घातलेल्या ड्रेसमध्ये, दगडांवरून खाली उतरली.

"मारा त्येला भाभी, डोक्यात," यूनुस दातओठ खात म्हणाला. "तडफडला की गरी आनखी आत जाते."

तिने सुरमईवर गुडघा रोवला आणि स्टीलच्या थर्मासने तिच्या डोक्यात हाणलं. दुसऱ्या घावाला झाकण उडून चहा दोघांच्या अंगावर सांडला. तिसऱ्याला मासा थंड झाला. मग तिने माशाच्या जबड्यातला गळ पिळून काढला. यूनुसच्या तळहातातला निघेना. त्याला उलटा काटा होता, ओढला की मांस घेऊन येणार. रंगवलेल्या डोळ्यांचा तो नकली मासा हाताला लोंबकळत ठेवूनच तिने यूनुसला वर आणलं आणि आपली ओढणी त्याच्या मनगटाला गुंडाळली.

"लूर सांभाळून," रेमंड म्हणाला. "त्याचं मॉडेल बंद झालंय."

गाडीचा दरवाजा उघडून ती यूनुसला आत बसवत होती, तर मागे रेमंड सुरमई दोन्ही हातांत तोलून उभा. जवळच्या एका ओमानी म्हाताऱ्यापुढे त्याने फोन धरला होता. म्हाताऱ्याने आधी गाडीतल्या यूनुसच्या हाताकडे बघितलं, मग रेमंडकडे, आणि पाठ फिरवून चालायला लागला. रेमंडने मग एका हाताने मासा छातीशी कवटाळून स्वतःच फोटो काढला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गळ कापून काढला. शीर बचावली होती, बोट पूर्वीसारखं मिटेल की नाही ते सांगता येणार नव्हतं. यूनुसची बायको अमीरुन्निसा टॅक्सी करून आली. बारीक चणीची, जिभेला तिखट. कुणाला सलाम नाही, काही नाही.

"कुनी उतराला सांगला?" तिने विचारलं.

"मीच उतरलो गो," यूनुस म्हणाला. मग रेमंडकडे बघून हसला. "मासा ऱ्हायला ना, भाई?"

कार्मेनला वाटलं, याच्या दुसऱ्या हातातही एक गळ रुतवावा. ती पार्किंगमध्ये गेली, डिकी उघडली आणि बर्फाच्या पेटीसकट सुरमई अमीरुन्निसाच्या टॅक्सीत ठेवून आली.

"अख्खी?" रेमंड कळवळला. "अगं, निदान अर्धी तरी..."

घरी आल्यावर ती अंगावरचा चहा आणि माशाचं रक्त धुऊन आली, तेव्हा तो सोफ्यावर फोन घेऊन बसला होता. फोटोच्या एका कोपऱ्यात गाडीचा उघडा दरवाजा आला होता आणि दरवाज्यात ओढणी गुंडाळलेला यूनुसचा हात. रेमंड बोटाने तो कोपरा कापत होता.

"हात का काढलास?" तिने विचारलं.

"बरा दिसत नाही गं. लक्ष तिकडे जातं."

थोड्या वेळात ग्रुपवर 'ग्रेट कॅच' येऊ लागले. जोआनने बंगलोरहून हार्ट पाठवलं, आणि 'डॅडा, मासा मस्त आहे' असं मराठीत लिहिलं, म्हणजे खूपच खूश झाली होती. या वेळी मासा खरंच त्याचा होता. कार्मेनला त्याचीच जास्त किळस आली.

तिच्या हॉटेलची एक शाखा दूर दक्षिणेला, सलालाहला होती. तिथे लिननचं सगळं खातं सांभाळायला ये म्हणून मॅनेजर तिच्या मागे लागला होता आणि 'घरी मिस्टर एकटे पडतील' म्हणून ती टाळत आली होती. रविवारी कामावर गेल्या गेल्या तिने हो सांगून टाकलं.

"आणि माझ्या जेवणाचं काय?" रेमंडने विचारलं.

'मला सोडून जाऊ नकोस' असं म्हणाला असता तर ती कदाचित घुटमळली असती. तिने कपाटातून बॅग काढली.

सलालाहला तिने नारळाच्या बागांच्या कडेला दोन खोल्या घेतल्या. कधीमधी अमीरुन्निसाचा फोन येई. यूनुसचं मधलं बोट पुरतं मिटत नव्हतं, कात्री हळू चालत होती. "आनी सांगू काय भाभी," अमीरुन्निसा एकदा म्हणाली, "जुम्म्याला अजून तुमच्या नवऱ्याबरोबरच जातो गरवाला. आता तोच फोटो काडतो." एवढ्या मूर्खपणाला शब्द तरी कुठून आणायचे?

जुलैत रेमंड रॉडची लांब नळी खांद्याला लावून येऊन थडकला. पावसाळ्यात सलालाहचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा किनाऱ्यावर कुणी उभं राहत नाही, एवढी चौकशीही त्याने केली नव्हती. पहिल्याच दिवशी लाटेने त्याला नखशिखान्त भिजवलं. उरलेले दिवस तो खिडकीत बसून धुक्याला नावं ठेवत होता आणि भात मऊ झाल्याची तक्रार करत होता. कार्मेनने भांडण काढलं नाही. जेवायला वाढलं, कामावर गेली, आली.

निघताना दारात तो म्हणाला, "मग, परत कधी येतेस?"

"इथे पावसात कपडे वाळत नाहीत," ती म्हणाली. "तुझे ओले वेगळ्या पिशवीत बांधलेत. गेल्या गेल्या धुवायला टाक, नाहीतर कुबट वास मारतील."

तो लिफ्टची वाट बघत उभा होता, तोवर तिने दार लावून घेतलं.