साबूत नाकाची पाखरी

लकडगंजच्या मागच्या बोळांत ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून गोपिकाचं चालतं. पाच गाढवं, पाठीवर गोणपाट आणि त्यात विटा. नवरा गेला तेव्हा हाकायची काठी तिनं चुलीत घातली. तेव्हापासून गाढवं तिच्या हाकेवर चालतात.

तिच्या भावकीत एक रीत आहे. गाढव पहिल्यांदा ओझ्याला लावायचं, त्या दिवशी वस्तऱ्यानं त्याच्या नाकपुड्या चिरायच्या. हवा जास्त जाते, दम लागत नाही म्हणे. कबरी गाढवीच्या वेळी वस्तरा नवऱ्यानं चालवला, पण कान धरले होते गोपिकानं. नऊ वर्षं झाली. कबरी तिचं सगळं ऐकते, फक्त तिच्या हातची भाकर खात नाही. खाली टाकली की खाते.

आता कबरीची लेक पाखरी ओझ्याला आली. सकाळीच दीर रुपराव वस्तरा घेऊन हजर.

"वयनी, धर वं कान."

"नाही धरत."

"काहून?"

"माह्यं जनावर हाये. नाक साबूतच राहीन."

"अन् चढावर बसली तं?"

"दम ओझ्यानं लागते गा भाऊजी, नाकानं नाही. तुमी चाळीस इटा लादता, मी वीस लादीन."

"म्हंजे फेऱ्या दुप्पट! डोकं फिरलं का तुह्यं?"

"फेऱ्या मी मारीन. तुमच्या पायाले काहून फोड येऊन राहिले?"

रुपराव पेटला. "रीत मोडशीन तं आमच्या रांगेत येऊ नोको. एकटी जाय!"

"जातो. तो वस्तरा खिशात घाला पह्यले. नाहीतं आना, तुमची दाढीच करून देतो."

भावकीच्या गाढवांची रांग पुढे निघून गेली. गोपिका मागून, एकटी.

दुपारी चढावर रुपरावचंच गाढव थांबलं. चिरलेल्या नाकपुड्या फडफडत होत्या, पाय थरथरत होते. त्यानं काठी उगारली. गोपिका मध्ये घुसली आणि न विचारता गोणीतल्या वीस विटा काढून भिंतीशी रचल्या. गाढव चालू लागलं.

"ह्या इटा आता कोन नेईन?" रुपराव ओरडला.

"तुमीच न्या. तुमचं नाकबी चांगलं मोठं हाये."

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

संध्याकाळी पाखरीनं तिच्या तळहातावरची भाकर खाल्ली, वर बोटंही चाटली. दुसरा तुकडा गोपिकानं कबरीपुढे धरला. कबरीनं मान फिरवली.

"नोको खाऊ," गोपिका म्हणाली. "मी उद्याबी धरीन."