आधी गाडी हलवा!

सहा वर्षांच्या नोकरीत पेशंटपेक्षा नातेवाइकांनीच कामिनीच्या नाकी नऊ आणले होते. रुग्णवाहिका घेऊन ती धावत जायची, छाती दाबायची, सुया टोचायची, ऑक्सिजन लावायची. आणि भोवतालचा गोतावळा एकच धोशा लावायचा, आधी गाडी हलवा! जणू नागपूरच्या धंतोलीतल्या बड्या दवाखान्याची पाटी दिसली की बंद पडलेलं काळीज आपोआप सुरू होतं. छाती कशी दाबायची ते गावोगावी शिबिरांत तिनं बाहुलीवर दाखवलं होतं. लोक चहा-पोहे खाऊन, टाळ्या वाजवून घरी जात.

त्या दिवशी भिवापूरच्या मिरची बाजारात भर लिलावात मिरची विकायला आलेले चंपतराव कोसळले. हृदय थांबताना अंगाला दोन-चार झटके आले. झालं! ही मिरगीच, असा बाजारानं निकाल दिला. कामिनी आणि ड्रायव्हर बंटी पाच मिनिटांत पोचले, तर कुणी चंपतरावांच्या नाकाशी चप्पल धरलेली, कुणी कांदा. छातीला मात्र एकाचाही हात नाही. कामिनीनं मानेला बोटं लावली. नाडी नव्हती.

"हे मिरगी नोहे, हार्ट बंद पडलं! सरका तिकडं!"

बंटी छाती दाबू लागला. कामिनीनं मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना दूर ढकललं आणि शॉक दिला. नाडी लागेना. बंटीनं पुन्हा दाबायला घेतलं, ती सलाईनसाठी शीर शोधू लागली, तोच चंपतरावांचे धाकटे भाऊ रुपराव गर्दीतून घुसले आणि त्यांनी बंटीला कॉलर धरून मागं ओढलं.

"इथंच काय टाइमपास करून राहिला गा? गाडी काहून नाही हलवत? धंतोलीले चाल!"

कामिनीचं डोकं सणकलं. सुई टाकून तिला स्वतः छाती दाबायला बसावं लागलं. धंतोली सव्वा तासावर. हेलकावे खाणाऱ्या गाडीत नीट दाबता येत नाही आणि दाबणं थांबलं की मेंदूला रक्त नाही. आत्ता गाडी हलवली तर चंपतराव वाटेतच जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन शेजारी भरून ठेवलेलं, आणि तिला हात दोनच!

"काका, भाऊ मेल्यावर नेता काय धंतोलीले?" ती किंचाळली. "बंटीले ओढता ना? मंग तुमीच दाबा! बसा इथं!"

उंटावरून शेळ्या हाकणारे रुपराव मुकाट्यानं गुडघ्यांवर बसले. तिनं त्यांचे तळहात छातीच्या मधोमध टेकवले. सुटलेल्या बंटीनं तोंडावर मास्क धरून श्वास द्यायला घेतला.

"जोरानं! कणीक नाही मळून राहिले तुमी!"

काडकन आवाज झाला. रुपरावांनी चटका बसावा तसे हात उचलले.

"बरगडी मोडली वं बाई!"

"मोडू द्या! दाबा!"

रुपराव रडत रडत दाबत राहिले. शीर सापडली, औषध गेलं. तिसऱ्या शॉकनंतर मानेशी नाडी लागली.

"आता हलव गाडी," कामिनी बंटीला म्हणाली.

आठवड्यानं दुसरा एक पेशंट धंतोलीत पोचवून ती चंपतरावांच्या वॉर्डात डोकावली. ते छातीशी उशी धरून करवादत होते.

"खोकलताबी येत नाही मले! कोन्या गाढवानं बरगड्या मोडल्या?"

शेजारी स्टुलावर रुपराव खाली मान घालून बसले होते.

"मीनं, दादा," ते म्हणाले.

चंपतरावांनी भावाला अशी एक सणसणीत शिवी हासडली की नर्स धावत आली. कामिनीला मात्र फार बरं वाटलं. ती दारातच उभी राहिली आणि दुसरी शिवी पूर्ण ऐकूनच निघाली.